नोएच्या नावाची कवटी

मित्रांनो, घाबरू नका. मी एक जुना मातीचा साचा आहे. माझ्या पोटात कवटीचा आकार कोरलेला आहे, पण ती कवटी साखरेची. आमच्या तोलुका शहरात नोव्हेंबरच्या पहिल्या दोन दिवसांत मेलेली माणसे घरी जेवायला येतात. त्यांच्यासाठी घरात वेदी मांडतात आणि तिच्यावर पाव, फळे, मेणबत्त्या यांच्याबरोबर माझ्यासारख्यांच्या पोटातून निघालेल्या कवट्या ठेवतात. मुले तर त्यांच्यासाठी वर्षभर जिभल्या चाटत बसतात.

जवळच्या मेतेपेक गावातल्या एका कुंभाराने मला घडवले. त्या दिवशी म्हणे त्याची दाढ ठणकत होती. माझी बत्तीशी कोरताना डावीकडचा एक दात राहून गेला आणि माझ्या सगळ्या कवट्या जन्मभर वाकड्या हसत राहिल्या. हेर्मेलिंदाने मला विकत घेतले ते त्या हसण्यासाठीच. तेव्हा तिचे नुकतेच लग्न झाले होते आणि ती स्वतःही उगाचच हसत असे.

माझे काम दिसते तितके सोपे नाही. आधी मला पाण्यात बुडवून ठेवतात, कारण कोरड्या मातीला साखर चिकटली की कवटी बाहेर येते ती नाक आतच ठेवून. मग माझे दोन्ही भाग सुतळीने आवळायचे. तांब्याच्या कढईत लिंबू पिळलेला पाक गोळीबंद होईपर्यंत उकळायचा, घोटून दुधासारखा पांढरा करायचा आणि तसाच चटके देणारा माझ्या पोटात ओतायचा. थोड्या वेळाने मला उलटे केले की मधला पाक परत कढईत जातो, कडेचा तेवढा धरून राहतो. सुतळी सोडली की पांढरीशुभ्र, आतून पोकळ कवटी तयार. हेर्मेलिंदा तिला रंगीत साखरेच्या भुवया आणि फुले काढायची आणि शेवटी कपाळावर नाव लिहायची. दर ऑक्टोबरात शहरातल्या कमानींखाली कवट्यांचा बाजार भरतो, तिथे तिच्या अक्षराला तोड नव्हती.

शेजारच्या टेबलावर चायो तिच्या कवट्या विकायला बसायची. हेर्मेलिंदाच्या मुलाची ती बाप्तिस्म्यातली धर्ममाता, म्हणून दोघी एकमेकींना कोमाद्रे, म्हणजे पोराची दुसरी आई, म्हणत आणि दिवसभर एकमेकींची खोडी काढत.

"कोमाद्रे, तुझ्या कवट्या दूध चोरून प्यायलेल्या मांजरासारख्या हसतायत बघ."

"हसतात तरी. तुझ्या बघ, पहिल्यांदा सासरी आल्यासारख्या गप्प!"

नाव लिहिण्याआधी हेर्मेलिंदा प्रत्येक गिऱ्हाइकाला विचारायची, "वेदीवर की हातात?" मेलेल्याच्या नावाची कवटी वेदीवर जाते. पण आमच्याकडे जिवंत माणसालाही त्याच्या नावाची कवटी भेट देतात. मास्तरांना देतात, मैत्रिणीला देतात, रुसलेल्या बायकोला तर हमखास देतात. ती त्याने हसत हसत खायची असते. कवटी तीच, अक्षर तेच. फरक असतो तो कुठे ठेवतात एवढाच.

दरवर्षीची पहिली कवटी नोएची. नोए म्हणजे तिचा एकुलता एक. लहानपणापासून तो कपाळावरचे आपले नावच आधी खायचा. मोठा होऊन ट्रक चालवू लागला तरी ती खोड गेली नाही.

"आई, नाव फार आखूड ठेवलंस गं माझं. एका घासात संपतं. हेर्मेनेहिल्दो ठेवलं असतंस तर दुपारपर्यंत पुरलं असतं!"

"मेल्या, बाप्तिस्म्याच्या पाण्यात एवढा बोंबलत होतास, लांब नाव ऐकायला पाद्री थांबला तरी असता का?"

मित्रांनो, त्या घरात मी फार सुखात होतो. वाटायचे, हे असेच चालायचे.

एका ऑगस्टमध्ये तेवीस वर्षांचा नोए खुर्च्यांचा माल घेऊन उत्तरेकडे गेला आणि परत आला नाही. ट्रक सापडला, तो सापडला नाही. हेर्मेलिंदा आणि तिचा नवरा चेंचो त्याचा फोटो घेऊन कचेऱ्यांचे उंबरठे झिजवत राहिले. सगळीकडून एकच उत्तर यायचे, वाट बघा.

ऑक्टोबर आला. तिने मला पाण्यातून काढले, सुतळी बांधली. गाठ पक्की बसली. पहिली कवटी नोएचीच झाली. सगळ्या घरांत वेदी मांडल्या गेल्या, त्यांच्या घरीही तिच्या आईवडिलांची मांडली. पण नोएची कवटी तिने वेदीवर ठेवली नाही. जेवणाच्या टेबलावर त्याच्या जागी ताट मांडले आणि त्यात ती ठेवली. जिवंत माणसाची कवटी, येऊन खाईल तेव्हा खाईल. दुसऱ्या वर्षी तसेच केले. तिसऱ्या वर्षी, चौथ्या वर्षीही. आदल्या वर्षीची कवटी ती कपाटात ठेवायची आणि ताटात नवी ठेवायची.

पाचव्या वर्षीच्या ऑक्टोबरात, बाजारात बसल्या बसल्या चायोला राहवले नाही.

"कोमाद्रे, वाईट वाटून घेऊ नकोस, पण त्याचा फोटो वेदीवर ठेव आता."

"तुझ्या जिभेला काही हाड?"

"माझा पण तो मुलगाच गं. जिवंत असला तर फोटोने त्याचं काय बिघडणार आहे? येईल आणि हसेल आपल्याला. पण गेला असला तर? ज्याच्या नावानं घरात दिवा नाही तो दारातच उभा राहतो. लोकांच्या घरातले वास घेत उभं राहायचं का त्यानं?"

हेर्मेलिंदा उठली आणि टेबलावरचे सगळे सामान आवरून दुपारीच घरी आली. तिला ते कळत नव्हते असे नाही. वेदीवर ठेवावे तर स्वतःच्या हाताने त्याला मारल्यासारखे. न ठेवावे आणि तो खरेच गेलेला असला, तर पोर उपाशी. चार वर्षे तिच्या छातीवर हाच एक धोंडा होता. मी फळीवरून बघत होतो आणि माझ्यासारख्या मातीच्या वस्तूला बघण्यापलीकडे काय करता येते?

त्या वर्षी एक नोव्हेंबरला ती झेंडूची फुले आणायला बाजारात गेली. त्या दिवशी दुपारी बाराची घंटा झाली की मोठ्या वयात मेलेली माणसे घरी येतात. चेंचो स्वयंपाकघरात एकटाच होता. घंटेचे पहिले टोले पडले आणि तो उठला. टेबलावरचे ताट त्याने उचलले, कवटीसकट वेदीवर नेऊन ठेवले. वाटीत मोले, म्हणजे मिरच्यांच्या दाट रश्शातली कोंबडी, वाढले. पेल्यात पाणी ओतले. नोएचा फोटो शर्टाच्या आत होता, तो काढून मागे टेकवला. काडी ओढून मेणबत्ती पेटवली आणि खुर्ची ओढून तो बसतो न बसतो तोच दार उघडले.

हेर्मेलिंदाच्या हातातले झेंडू तिथेच पडले.

"तू मारलंस त्याला. बाप असून तू मारलंस."

"म्हातारे, मी त्याला जेवायला बोलावलं गं. नुसतं जेवायला बोलावलं."

तिने मेणबत्ती विझवली, कवटी उचलून परत टेबलावर ठेवली. त्यानंतर कितीतरी आठवडे दोघे एका घरात राहून मुक्यासारखे वावरले.

फेब्रुवारीत दोन माणसे एक कागद घेऊन आली. उत्तरेकडच्या एका माळावर हाडे सापडली होती, तपासणी झाली होती. नोएच होता. आणि त्या कागदात आणखी एक गोष्ट होती. त्याचा जीव गेला होता त्या पहिल्याच ऑगस्टमध्ये, घरातून निघाल्यावर तीन दिवसांनी.

दफन झाले, माणसे गेली. हेर्मेलिंदा स्वयंपाकघरात बोटे धरून नोव्हेंबर मोजत बसली.

"चार वर्षं आला असेल रे तो. चार वर्षं दारात उभा राहिला. मी आत त्याच्या ताटापाशी बसून होते आणि त्याला आत ये म्हणाले नाही."

चेंचोने तिला एका शब्दाने टोचले नाही. तो तिच्याजवळ खाली बसला.

"पाचव्या वर्षी आला होता की आत."

"मी लगेच काढली ना पण कवटी."

"लगेच कुठं? तू येईपर्यंत तासभर झाला होता. तू झेंडू निवडत बसलेलीस तिकडं."

"तासभर?"

"चांगला तासभर."

"पाणी ठेवलं होतंस? लांबून आलेल्याला आधी तहान लागते."

"पेला भरून."

मोजायला धरलेली बोटे तिने मिटली. मग तिने विचारले, "त्याचं जेवण झालं होतं का?"

"झालं होतं," चेंचो म्हणाला. "पोटभर जेवला. वाटी पुसून खाल्ली."

मित्रांनो, त्या नोव्हेंबरच्या दुपारी मी तिथेच फळीवर होतो. मेणबत्तीची वातसुद्धा नीट काळी झाली नव्हती. पण हेर्मेलिंदाने डोळे मिटले आणि इतक्या वर्षांत पहिल्यांदा ती नवऱ्याच्या खांद्यावर डोके ठेवून मोठ्याने रडली.

त्यानंतर तिने मला हात लावला नाही. आता चायोच मागणी पुरी करते, तिच्याकडे प्लॅस्टिकचे साचे आहेत. मी कोरडा पडून आहे आणि माझ्या उजव्या भागाला केसाएवढी चीर गेली आहे. जुन्या वस्तूंची काळजी घ्या, असे मी तुम्हाला सांगावे हीच रीत आहे. खरे सांगू? मला माझ्यासाठी काही मागायचे नाही. माती होतो, माती होईन. पण तुमच्या गल्लीत एखादे असे घर असेल, जिथे न येणाऱ्या माणसाचे ताट वाढून ठेवलेले असते, तर तिथल्या आईला शहाणपण शिकवू नका. तिच्याजवळ जाऊन बसा. आणि तिने विचारलेच, त्याचे जेवण झाले होते का, तर हो म्हणा.