बाहीवरची गुलाबी पूड

माझा मुलगा सकाळी आपणहून उठला, तेव्हाच माझ्या मनात पाल चुकचुकली. त्याला उठवणं म्हणजे भिजलेलं पोतं हलवणं. लग्नाआधी ते काम माझ्याकडे होतं, नंतर सुनेकडे गेलं. आणि आता हा गडी बायको घराबाहेर पडायच्या आत दात घासून, शर्ट घालून तयार. मी चहा गाळता गाळता विचारलं, "राजे, आज काय विशेष?"

"झोपच लागत नाही गं हल्ली."

ज्याला दाढी करताना डुलकी लागते, त्याने हे मला सांगावं. मी कप पुढे सरकवला आणि गप्प बसले. गप्प बसले म्हणजे बघत बसले.

आमच्या घरात शिकलेली ती सून. वनस्पतींची डॉक्टर. माझी शाळा चौथीतच सुटली, त्यामुळे सुरुवातीला मला वाटायचं, झाडं आजारी पडली की लोक हिच्याकडे आणत असतील. तसं नाही. ती एका संस्थेत शिकवते, आणि घरामागे तिने हिरव्या जाळीचं शेडनेट उभारलंय. त्यात व्हॅनिलाचे वेल आहेत. व्हॅनिला म्हणजे ऑर्किडच, मूळचं कुठल्या तरी दूरच्या जंगलातलं. तिथे त्याच्या फुलात शिरणारी माशी वेगळी, ती आपल्याकडे नाही. म्हणून आपल्याकडे एकेक फूल माणसाला फळवावं लागतं. फुलात एक पडदा असतो. तो काडीने वर करायचा आणि पराग आत दाबायचा. फूल पहाटे उमलतं आणि दुपारी मान टाकतं. तेवढ्यात कुणी शिवलं तर शेंग धरते, नाहीतर दुसऱ्या दिवशी फूल जमिनीवर.

सुनेचा हट्ट असा, की हे काम आपली बिनडंखाची बारीक माशीसुद्धा करेल, तिला फक्त वेलाजवळ राहायला लावायला हवं. म्हणून शेडनेटमध्ये माश्यांची लाकडी पेटी टांगली. माश्यांना बारा महिने खायला मिळावं म्हणून भोवती सूर्यफुलं लावली, सब्जा लावला, कोथिंबीर फुलायला सोडली. घरची कोथिंबीर माश्यांना, आणि मी बाजारातून जुडी आणते.

दोन बहर कोरडे गेले. तिच्या संस्थेतले मोठे सर घरी आले होते. त्यांचं बोलणं इतकं मऊ, की ऐकणाऱ्याने उशी शोधावी. चहा पिऊन म्हणाले, या बहरातही शेंग धरली नाही तर हे शेडनेट उतरवू, तुला दुसरं काहीतरी काम देऊ. सून हसून "हो सर" म्हणाली. नंतर न्हाणीघरात बराच वेळ नळ चालू होता.

आणि या बहरात शेंगा धरल्या.

सून घरात नाचायची तेवढी राहिली होती. मला हाताला धरून दाखवायला नेलं. लांब, हिरव्या, बोटांसारख्या शेंगा. मी विचारलं, "माशीला आत जाताना बघितलंस?"

"अजून नाही आई. मी बसते तेव्हा त्या येतच नाहीत. सकाळचा तास घ्यायला गेले, की त्या दिवशीच्या फुलांना शेंग धरते. मी असले की बुजत असतील."

"बुजायला ती काय नवी नवरी आहे?"

ती हसली. मला हसू आलं नाही. माणसाची पाठ फिरल्यावरच काम करणारे मी पुष्कळ बघितलेत, पण त्यातलं कुणीही माशी नव्हतं.

त्याच आठवड्यात धुण्यात मला शर्ट सापडला. उजव्या बाहीच्या टोकाला गुलाबी पूड. आमची सून तोंडाला काही लावत नाही, उन्हात काम करून तिचा रंग मातीच्या कुंडीसारखा झालाय. मग हा रंग कुणाचा? लवकर उठणं, चेहऱ्यावरचं तेज, आता ही बाही. मी बाही नाकाला लावली. बाईमाणसाची पूड असती तर वास आला असता. याला खडूइतकाही वास नव्हता. उगाच आनंद मानायची मला सवय नाही. बिनवासाची बाई जास्त हुशार असणार, एवढंच मी ठरवलं. शर्ट धुतला नाही. घडी करून माझ्या कपाटात ठेवला.

पुढच्या तासाच्या दिवशी सून गेली, आणि पाठोपाठ हा म्हणाला, "कोपऱ्यापर्यंत जाऊन येतो गं."

मी मागच्या दाराने बाहेर पडले आणि धुण्याच्या दगडामागे उभी राहिले. कोपऱ्यापर्यंत गेलेला माझा मुलगा कुंपणाच्या फटीतून मागच्या अंगणात आला आणि शेडनेटमध्ये शिरला. मी म्हटलं, म्हणजे बाई आत आहे. मी जाळीला डोळा लावला. आत बाई नव्हती. हा एका फुलापुढे वाकला होता, दातांत जीभ धरून, लहानपणी सुईत दोरा ओवायचा तसा. हातात दात कोरायची काडी, तीही घरातली, मीच आणलेली. आणि प्रत्येक फुलाच्या तोंडाशी तीच गुलाबी पूड.

"कधीपासून?" मी विचारलं.

तो दचकला, पण हात हलू दिला नाही. "हळू बोल, आई. फूल तुटेल."

"ते तुटू दे. मी काय विचारतेय?"

"बहर सुरू झाल्यापासून." त्याने काडी खिशात ठेवली. "तो न्हाणीघरातला नळ ऐकलायस ना तू? मला वाटलं, एक शेंग धरू दे, तिला धीर येईल. ती इतकी खूश झाली, की मग दुसरी केली."

"आणि सोमवारी सर पाहुणे घेऊन शेंगा बघायला येणार. ती छातीठोकपणे सांगणार, माशीने केलं. मग दुसरं कुणीतरी माशी ठेवून बघणार आणि शेंग धरणार नाही. तेव्हा खोटं कोण ठरेल? तुझं नाव तरी आहे का त्यात?"

तो नखाने खांबाची साल काढत राहिला.

"जेवणाच्या आत तू सांग," मी म्हटलं. "नाहीतर मी बोलते. आणि माझी तऱ्हा तुला ठाऊक आहे."

जेवताना तो गळक्या नळाबद्दल बोलला, ऑफिसातल्या लिफ्टबद्दल बोलला, शेजारच्यांच्या कुत्र्याचीही चौकशी केली. सून सोमवारी काय सांगायचं ते घोळवत होती, तिचं लक्ष नव्हतं. ताटं उचलून झाल्यावर मी कपाटातला शर्ट आणला आणि बाही वर करून तिच्यापुढे ठेवला.

"हा डाग कशाने जाईल बघ बरं. तुझ्याकडचा दिसतोय."

तिने बाहीला बोट लावलं. मग उठून तिची छोटी जांभळ्या उजेडाची टॉर्च आणली आणि घरातला दिवा बंद केला. टॉर्च धरताच बाही निखाऱ्यासारखी पेटली. समोर बसलेल्या नवऱ्याची बोटंही पेटली, नखांच्या कडेने.

"ही पूड मी फुलाच्या तोंडाशी लावते," ती सावकाश म्हणाली. "माशी आत गेली तर तिच्या अंगावर यावी म्हणून. माश्यांवर शोधत बसले मी. घरात बघायचं सुचलंच नाही."

"मला वाटलं..." तो म्हणाला.

"किती फुलं?"

"आठवत नाही गं. हात पोचला तेवढी."

ती टॉर्च घेऊन तशीच मागे गेली. आम्ही दोघं तिच्यामागे, शिक्षा झालेल्या पोरांसारखे, आणि मी तर काही केलंही नव्हतं. शेडनेटमध्ये तिने एकेका शेंगेवर हात ठेवला आणि काढून घेतला. मग वर बघितलं. एक वेल खांब सोडून छताच्या तारेवर गेला होता. तिथे एक शेंग लोंबत होती.

"ती?"

"ती मी नाही केली. आईशपथ."

शपथ माझी, आणि मला कुणी विचारलं नाही. तरी मी त्याच्या बाजूने बोलले, कारण खरं होतं. "हा वर चढणार नाही. स्टुलावर उभा राहिला तरी याला गरगरतं. घरातला बल्बसुद्धा मी बदलते."

सुनेने टॉर्च खाली केली. माझ्याकडे बघितलं.

"हो," ती म्हणाली. "तुम्ही बदलता."

इतक्या वर्षांत मला असं कुणी विचारलं नव्हतं, आणि ही तर न विचारताच विचारत होती. जिभेवर पुष्कळ आलं. पण तिच्या जागी मी असते, तर मीही आधी स्टुलावर चढणारीकडेच बघितलं असतं. "मी नाही केलं," एवढंच म्हटलं. तिने मान हलवली, विश्वास ठेवला असं काही नाही.

तिने तिथूनच सरांना फोन लावला. सगळं सांगितलं, नवऱ्याची काडीसुद्धा. त्यांनी वरच्या शेंगेचं विचारलं असावं, कारण ती म्हणाली, "नाही सर, तीही मोजता येणार नाही. आता कशाचीच खात्री नाही." मग मऊ आवाज आला. सोमवार रद्द. एक बहर आणखी, त्यापुढे शेडनेट नाही.

तो बहर आता चालू आहे. शेडनेटला कुलूप आहे, माश्यांना जायला वर फट आहे, आणि किल्ली सुनेच्या पर्समध्ये. तिचा नवरा पुन्हा पोत्यासारखा झोपतो. ती तासाला गेली की मी दाराबाहेर खुर्ची टाकून बसते. मला आत जायचं नाही. स्टूल तिने शेजाऱ्यांकडे ठेवायला दिलंय, मी बघूनही न बघितल्यासारखं केलं. तिचा नवरा चहा घेऊन आला तर मी म्हणते, "कप तिथे ठेव आणि लांब हो."

दुपारी ती येते, ती आधी माझ्याकडे. टॉर्च काढते. मी हात पुढे करते. माझ्या सासूने माझ्याकडे एवढं बारकाईने बघितलं असतं, तर मी माहेरी निघून गेले असते. पण मी दोन्ही हात पुढे करते, तळवे, मग उलटे, मग बाह्या. त्यानंतर ती कुलूप काढते.

काल उमललेलं एक फूल आज सकाळी गळलं नव्हतं. मी ते जाळीबाहेरून बघितलं होतं, पण बोलले नाही. मी आधी बोलले तर ती म्हणेल, तुम्हाला कसं माहीत. ती आली, आत गेली, तशीच बाहेर आली. माझे कालचे हात तिने काल बघितलेच होते, आणि आजचेही आत जाण्याआधी बघून झाले होते. तरी तिने पुन्हा टॉर्च लावली. नखांच्या खाली बघितलं, बोटांच्या बेचक्यात बघितलं. काही नव्हतं.

मग टॉर्च बंद केली. हात मात्र सोडले नाहीत.