मोरपंखी थापा

कोरीटच्या भिकुबाईंच्या घरात माजघराच्या दारालगत भिंतीचा एक चौकोन होता, त्याला रंगाऱ्याचा ब्रश लागत नसे. सगळं घर नव्याने रंगलं तरी तेवढी जागा तशीच ठेवायची, असं त्यांच्या यजमानांनी, दोधूअप्पांनी, रंगाऱ्याला दम देऊन सांगितलेलं. त्या चौकोनात या घरात आलेल्या सुनांचे हळदीचे थापे होते. वर आजेसासूचा, दिसेल न दिसेल असा. त्याखाली सासूचा. त्याखाली भिकुबाईंचा स्वतःचा, बोटं बारीक, कारण तेव्हा त्या होत्याच बारीक. आणि त्याखाली भिंत कोरी होती.

ती कोरी जागा काजलची. मुलाचं, नवनीतचं लग्न नाशिकला हॉलमध्ये लागलं, तिथून दोघं नोकरीवर पुण्याला गेली, आणि वर्षभराने शहाद्याच्या कॉलेजात नवनीतला जागा मिळाली तेव्हा काजल सामानासकट घरी आली. भिकुबाई हळद कालवून ताट घेऊन उभ्या. तेवढ्यात फाटकात पिकअप उभी राहिली. तिच्यावर दोरांनी आवळलेली एक बुटकी, दोन दारांची, बिनटपाची गाडी. काजल तशीच पळाली. गाडी उतरवून परत आली तेव्हा दोन्ही हात कोपरापर्यंत काळे.

"आई, थापा नंतर लावते हं. आत्ता हाताला ग्रीस आहे."

ते नंतर काही आलं नाही. भिकुबाईंनीही पुन्हा विषय काढला नाही. त्यांच्या सासूने सांगून ठेवलेलं होतं, थापा मागून घ्यायचा नसतो, तो सुनेने आपण होऊन द्यायचा असतो. भिकुबाई रोज देवाला दिवा लावून वळल्या की पहिली नजर त्या कोऱ्या जागेवर जाई.

म्हशी विकल्यापासून रिकामा पडलेला गोठा काजलने ताब्यात घेतला. ती एका कंपनीसाठी घरूनच गाड्यांच्या भागांची डिझाइनं करायची. कॉम्प्युटर मिटला की गोठ्यात. गाडी म्हणे कधीकाळी गोव्यात बनलेली, सगळं अंग फायबरचं. तिला रस्त्यावर नाही, पुण्याकडच्या ट्रॅकवर पळवायची होती. तिथे ठरलेल्या दिवशी आपापल्या गाड्या घेऊन लोक येतात, ना शर्यत ना बक्षीस, नुसतं मनसोक्त पळवायचं. संक्रांतीनंतरच्या रविवारची तिने नावनोंदणी केली होती.

"बक्षीस बी नही? मंग कसाले पळस?" दोधूअप्पांनी विचारलं.

"अप्पा, तुम्ही सारंगखेड्याच्या यात्रेत घोडी पळवून बघता, ती बक्षिसासाठी का?"

"ती विकत लेवानी ऱ्हास म्हनीसन."

"आणि घेतली कधी?"

अप्पांनी टोपी नीट केली आणि शेताकडे निघून गेले. आजवर त्यांनी एकही घोडी घेतली नव्हती.

गाडी हलकी करायची म्हणून काजलने आतलं सगळं उपसलं. गालिचा गेला, टेप गेला. गावातल्या दिलवरसिंगने, जो ट्रॉल्या नि लोखंडी फाटकं बनवायचा, डोक्यामागे जाड पाइपाची कमान वेल्ड करून दिली, गाडी उलटली तरी डोकं वाचावं म्हणून. ते भिकुबाईंना पटलं. पण एका दुपारी काजलने शेजारचं सीटही उचकटून बाहेर ठेवलं.

"आता एकाचीच जागा," ती खुशीत म्हणाली. "पंधरा किलो कमी झाले."

भिकुबाई हसल्या, पण आत कुठेतरी त्यांना टोचलं. एकाचीच जागा.

सीट वाया कशाला घालवायचं म्हणून अप्पांनी ते ओट्यावर नेलं आणि त्यावर रेलून तुरीच्या शेंगा सोलू लागले. "काच नही, टप नही, आते शीट बी नही," ते येणाऱ्याजाणाऱ्याला सांगत. "उद्या चाकं बी काढी टाकी मन्ही सून. पन शीट मोठं बेस शे."

मग रंगाचं काम निघालं. पुट्टी, घासणं, पुन्हा पुट्टी, पुन्हा घासणं. काजल फायबरवरून डोळे मिटून तळहात फिरवी आणि जिथे उंचवटा लागेल तिथे पुन्हा पॉलिश पेपर. कुणाला हात लावू देत नसे. नवनीतने एकदा मदत म्हणून घासलं तर तिने ती जागा त्याच्यादेखत परत घासली.

अडचण एकच होती, धूळ. पौषातला वारा, आणि शेजारच्या वावरात मिरची वाळत घातलेली. स्प्रे मारावा तर ओल्या रंगात बारीक कण येऊन बसत, आणि मारणारी शिंकून बेजार. भिकुबाईंनी दारातून पाहिलं. जुन्या सुती लुगड्यांचे पदर भिजवून गोठ्याच्या झरोक्यांना बांधले आणि बादली घेऊन जमिनीवर सडा टाकला, अंगणात टाकतात तसा, हलक्या हाताने.

काजल बघतच राहिली. "आई, मोठ्या वर्कशॉपात पण असंच जमीन ओली करतात!"

"आमी तं रोजच करतस व," भिकुबाई म्हणाल्या.

तेव्हापासून सड्याचं काम त्यांचं. बाकी हात लावायचा नाही.

रंग बसला आणि अख्खं घर गोठ्यात जमा झालं. मोरपंखी. मोराच्या मानेवर ऊन पडल्यावर दिसतो तो रंग, निळा म्हणावा तर हिरवा. अप्पा कितीतरी वेळ नुसते गाडीभोवती फिरत राहिले, यात्रेत घोडीभोवती फिरतात तसे. "हिना दात कोठे शेत?" त्यांनी विचारलं, आणि काजलने बॉनेट उघडून दाखवलं.

शुक्रवारी सकाळी तिने वरचा चकचकीत थर मारला, ज्याला ती क्लिअर म्हणायची. "उद्या सकाळपर्यंत कुणी हात लावायचा नाही," तिने सगळ्यांना बजावलं. "उद्या दुपारी निघायचं."

भिकुबाईंचा एक नेम होता. पहाटे अंघोळ झाल्यापासून तुळशीला पाणी घालून सूर्याला अर्घ्य देईपर्यंत त्या बोलत नसत. लग्नाआधीपासूनचा नेम, बाळंतपणातदेखील मोडला नव्हता. आणि घराची दुसरी एक रीत होती. नवी गाय असो, ट्रॅक्टर असो, ते दाराबाहेर पडण्याआधी घरच्या बाईने त्याला हळदीचा थापा द्यायचा. शनिवारी पहाटे त्यांनी दोन्हीचा मेळ घातला. काजल सांगूनच गेली होती, उद्या सकाळपर्यंत. आता सकाळ झालीच होती. पोर उठायच्या आत थापा देऊन ठेवावा, म्हणजे निघताना घाई नको.

गोठ्यात दिवा लावला. गाडी आरशासारखी. त्यांनी हळदीत हात बुडवला, मनात कुलदेवीचं नाव घेतलं आणि बॉनेटवर, अगदी मधोमध, हात टेकवला.

हात आत गेला.

काजलने संध्याकाळी क्लिअरचा आणखी एक जाड हात मारला होता. घरात कुणाला सांगायचं तिच्या ध्यानात राहिलं नव्हतं, आणि थंडीत तो वाळला नव्हता. भिकुबाईंनी हात उचलला तसा चटकन चिकट आवाज आला. बॉनेटवर पाच बोटं खोल रुतलेली, पिवळीजर्द.

ओरडावं तर मौन. सूर्य उगवायला वेळ. भिकुबाई हळदीचा हात हवेत धरून जागच्या जागी उभ्या राहिल्या, आणि तेवढ्यात काजल डोळे चोळत आत आली.

"आई? काय झालं?"

भिकुबाईंनी हात दाखवला. मग बॉनेट दाखवलं. मग पुन्हा हात.

काजल मटकन उलट्या पाटीवर बसली. पूर्वेला तांबडं फुटल्याबरोबर भिकुबाई जवळजवळ धावतच अंगणात गेल्या, आयुष्यात पहिल्यांदा त्यांनी घाईघाईने अर्घ्य दिलं आणि तशाच परत आल्या.

"मन्हं चुकनं व काजल. माले वाटनं, रंग वाळी गया व्हई. तुन्ही इतला दिननी मेहनत... आते काय करू मी?"

"तुम्ही काय करणार. दुसरा हात मारला ते मीच सांगितलं नाही." आवाज सपाट होता. तिने पॉलिश पेपर उचलला, पाण्यात बुडवला. "हे घासून काढते. वेळ आहे तेवढा."

नवनीत आला, पाहून परत गेला, चहा घेऊन आला. चहा तसाच निवला. बोटांच्या कडा घासून सपाट झाल्या, पण हळद खाली मोरपंखीपर्यंत उतरली होती. घासावं तितका तो हात अधिकच स्वच्छ दिसे. अप्पा दारात येऊन म्हणाले, "तुन्ही सासूना हात शे तो. मन्हा घरमा इतला वरीस व्हयनात, अजून कोनले पुसता उना नही." पण कुणी हसलं नाही म्हणून ते ओट्यावर जाऊन बसले.

शेवटी काजलने स्प्रेच्या गनमध्ये मोरपंखी रंग भरला. वरून रंग मारायचा, हात झाकून टाकायचा. तिने गन उचलली. मग खाली केली.

"आई, हा थापा कशासाठी द्यायचा असतो?"

भिकुबाई दाराच्या चौकटीला धरून उभ्या होत्या. त्या हळूच म्हणाल्या, "जनावर ऱ्हावो का टॅक्टर, घरना हात लावीसनच बाहीर काढतस. मंग ते जठे बी गयं, परत कोठे येवानं ते त्याले ध्यानमा ऱ्हास."

काजलने थाप्याकडे पाहिलं. सासूच्या बोटांकडे. आता ती भिंतीवरच्याइतकी बारीक नव्हती, पण करंगळी तशीच जराशी बाहेर वळलेली. तिने गन ओतून रिकामी केली, धुतली आणि पातळ क्लिअर भरला.

"हळद उन्हात उडून जाते," ती म्हणाली. "क्लिअरखाली टिकेल. सडा टाका आई, पटकन. धूळ बसायला नको."

भिकुबाईंनी बादली उचलली. डोळ्यांत पाणी होतं, त्यामुळे सडा जरा वेडावाकडा पडला.

क्लिअर उन्हात वाळेपर्यंत निघायला उशीर झाला, पण निघाले. पिकअपवर गाडी, मागच्या जीपमध्ये घरचे, भिकुबाईंच्या मांडीवर कुंडीतली छोटी तुळस. "नेम शे ना," एवढंच त्या म्हणाल्या. आणि अप्पांनी सीटही जीपवर टाकलं. ट्रॅकवर बसायला खुर्च्या असतील नसतील.

रविवारी उजाडताना ट्रॅकच्या कुंपणाशी कसल्या कसल्या गाड्या गुरगुरत होत्या. भिकुबाई पदर सावरत, तुळस आणि तांब्या घेऊन मोकळी जागा शोधत निघाल्या, त्या नेमक्या गाड्यांना झेंडा दाखवणाऱ्याच्या पट्ट्यात शिरल्या.

"माताजी, किधर? इधर जाना मना है!"

भिकुबाई थांबल्या. बोलता येईना. त्यांनी नुसता तळहात वर केला, थांब बाबा, अशा अर्थाने. झेंडेवाल्याने त्या हाताकडे पाहिलं, मग पलीकडे उभ्या मोरपंखी गाडीच्या बॉनेटकडे पाहिलं, पुन्हा हाताकडे. "अच्छा, वो आपकी है!" तो म्हणाला आणि त्यांना सूर्य दिसेल अशा कोपऱ्यात स्वतः सोडून आला. दिवसभर मग तिथले लोक गाडीला हातवाली म्हणू लागले. एकाने विचारलं, असं स्टिकर कुठे छापून मिळतं?

काजल पळाली. पहिल्या फेऱ्या जपून, मग मोकळी. एका वळणावर मागची चाकं सुटली, गाडी भिंगरीसारखी फिरली आणि मातीत जाऊन धुळीत दिसेनाशी झाली. भिकुबाईंनी अप्पांचं मनगट इतकं आवळलं की अप्पा ओरडले. धूळ बसली. धुळीतून आधी पिवळा हात दिसला, मग गाडी. काजल बोट वर करून हसत होती.

जेवणानंतर ती पाना घेऊन आली. "अप्पा, उठा. सीट पाहिजे."

"कसाले?"

"आईंना बसायचंय."

"मी कधय म्हनी?" भिकुबाई दचकल्या.

पण सीट बोल्टांनी आवळलं गेलं, पदर कमरेत खोचला गेला, डोक्यावर हेल्मेट चढलं, आणि पट्ट्यांनी बांधलेल्या भिकुबाई चाळणीतून चंद्र पाहावा तशा हेल्मेटातून जगाकडे पाहू लागल्या. "हळू व माय, हळू व माय," असं त्यांचं पहिल्या वळणापर्यंत चालू होतं. मग सरळ रस्ता आला. वारा अंगावर फुटला. गाडी परत येऊन थांबली तेव्हा सगळे धावले, माय, बरी शेस ना?

भिकुबाईंनी हेल्मेटची काच वर केली. "काजल, आखो एक चक्कर मार ना व."

घरी परतल्याच्या दुसऱ्या पहाटे कोरीटला भिकुबाई अंघोळ करून देवघरातून बाहेर आल्या. हातात तांब्या. माजघराच्या दाराशी काजल उभी होती, उजवा हात मनगटापर्यंत मोरपंखी.

"काही बोलू नका," ती म्हणाली. "नेम आहे तुमचा, ठाऊक आहे मला. म्हणूनच आत्ता आले."

आणि तिने कोऱ्या जागेवर हात टेकवला.

भिकुबाईंच्या तांब्यातलं पाणी तुळशीपर्यंत पोचलंच नाही, निम्मं त्यांच्याच पायांवर सांडलं. त्या भिंतीजवळ गेल्या आणि त्यांनी हात पुढे केला.

"आई! ओला आहे अजून!"

भिकुबाईंनी चटकन हात मागे घेतला, पाठीमागे धरला, आणि सूर्य उगवेपर्यंत त्या भिंतीसमोर तशाच उभ्या राहिल्या.