पांढरा ठिपका

पोराला झापता येतं, जावयाला नाही. त्यात आमचा जावई इतका नम्र की त्याच्यावर ओरडायला निमित्तच सापडत नाही. आम्ही दोघांनी मिळून काम काढलं आणि तिथेच घोळ झाला.

काम त्याच्याच मोटरसायकलचं होतं. लांबच्या प्रवासाची भारदस्त गाडी. मागे आमची मुलगी बसली आणि दोन्ही बाजूंना बॅगा लटकल्या, की ब्रेक मारताच गाडी पुढून दबायची. मी जन्मभर बसच्या वर्कशॉपमध्ये फोरमन होतो, त्यामुळे फुशारकी मारायची सवय. म्हटलं, "गॅरेजला कशाला देता? पुढच्या शॉकअपमध्ये कडक स्प्रिंगा टाकू, तेल बदलू. घरच्या घरी होईल."

झालंही. मागच्या शेडमध्ये पुढचं चाक काढलं, दोन्ही शॉकअप उतरवले, जुन्या लिबलिबीत स्प्रिंगा बाहेर, नव्या आत. परत बसवताना माझी एक पद्धत आहे. पान्याने बोल्ट पक्का आवळला की त्यावर पांढऱ्या रंगाचा ठिपका द्यायचा. ठिपका दिसला की तो बोल्ट झाला, पुन्हा बघायचं नाही. वर्कशॉपमध्ये हे कुणाला सांगावं लागत नसे, म्हणून जावयालाही सांगितलं नाही.

मध्येच आमच्या हिने चहाला हाक मारली. मी चहा घेऊन परत आलो, तर खालच्या क्लॅम्पच्या आणि चाकाच्या आसाच्या बोल्टांवर ठिपके. ते आवळल्याचं मला काही केल्या आठवेना. हल्ली माझं असं होतं. गॅस बंद केला का, दार लावलं का, पुन्हा पुन्हा जाऊन बघतो आणि कुणाला कळू देत नाही. म्हटलं, केले असतील मीच. जावयाला विचारलं असतं तर एका वाक्याचं काम होतं. पण आपण विसरलो हे जावयासमोर कोण कबूल करणार? राहिलेले बोल्ट आवळले, गल्लीत एक चक्कर मारून बघितली, आणि आज सकाळी मुलगी-जावई हात हलवत घाटाच्या रस्त्याला लागले.

ते गेल्यावर मी शेड आवरायला घेतली. टेबलाचा एक पाय कायम डुगडुगतो. त्याच्या ढिल्या बोल्टवर छान गोल पांढरा ठिपका होता. मला हसू आलं. जावईबापूंना रंगकामाची भारी हौस! मग खोक्यात टाकलेल्या जुन्या सामानाकडे लक्ष गेलं. काढून फेकलेल्या बोल्टांवरही ठिपके. हसू तिथेच विरलं. जावयाने दिसेल त्या बोल्टला रंग लावला होता, आणि तो रंग बघून मी ते बोल्ट सोडून दिले होते. खालचा क्लॅम्प आणि आस. अख्खं पुढचं चाक त्यांच्यावरच असतं, आणि ते फक्त बोटांनी फिरवून बसवलेले होते.

मुलीला फोन लावला. वाजून वाजून बंद झाला. जावयाचाही तसाच. हेल्मेट घालून गाडीवर बसलेल्यांना काय ऐकू येणार!

"अहो, झालं काय? तोंड पांढरंफटक पडलंय तुमचं," ही दारातून म्हणाली.

मी सांगितलं. एरवी हिने मला फाडून खाल्लं असतं. आज तिने कारची किल्ली माझ्या हातातून काढून घेतली आणि स्वतः चालवायला बसली.

घाट लागला. प्रत्येक वळणावर मी आधी कठडा शाबूत आहे का ते बघत होतो आणि मग दरीत. समोरून येणारा एक ट्रक दिवे मारत गेला, तेव्हा वाटलं, संपलं, पुढे गर्दी दिसणार. फोन कानाला लावलेलाच होता. नुसती रिंग. लहानपणी ती सायकलवरून पडली की आधी माझ्याकडे बघायची, रडायचं की नाही ते ठरवायला. हे नेमकं आत्ता का आठवावं? मी हात जोडून बसलो होतो. मी, जो कधी कुणापुढे हात जोडत नाही.

एका रुंद वळणावर गाडी उभी दिसली. शेजारी दगडावर मुलगी बसली होती. धडधाकट. मी कार थांबायच्या आधीच दार उघडलं.

"बाबा, गाडी पुढून खटखटतेय," ती म्हणाली. "याच्या हेल्मेटवर बुक्क्या मारल्या, तेव्हा कुठे आत्ता थांबला."

जावई मान खाली घालून उभा. "पहिल्या वळणापासूनच वाजत होतं. पण तुम्ही स्वतः केलंय म्हटल्यावर..."

"आणि तो रंग?"

"गंजू नये म्हणून लावता ना? तुमचा चहा होईपर्यंत तेवढं तरी उरकावं म्हटलं."

मी रस्त्यावर गुडघे टेकले. खालचा बोल्ट दोन बोटांत धरला आणि तो फिरला. पाना नव्हता, नुसती बोटं. ही मागे उभी राहून बघत होती. तिने तोंडाला पदर लावला.

पान्यांची पिशवी कारमध्येच होती. मी एकेक बोल्ट आवळला, जोर लावून, तोंडाने मोजत. सगळे झाल्यावर जावयाला म्हटलं, "आता तुम्ही बघा."

"तुम्ही केलेत ना बाबा, मग बरोबरच..."

"बघा म्हणतो ना!" मी ओरडलो. मुलीच्या लग्नानंतर पहिल्यांदाच.

त्याने निमूटपणे पाना घेतला. एक घट्ट. दुसरा घट्ट. आसापाशी आला आणि पाना सहज फिरला, अर्धा वेढा.

आत्ता, सगळ्यांच्या डोळ्यांदेखत, मी तो न आवळताच सोडला होता.

जावयाने तो आवळला आणि पुन्हा पहिल्यापासून सगळे तपासायला घेतले. मुलगी त्याच्याकडे बघतच नव्हती. ती माझ्याकडे बघत होती, आणि तिच्या डोळ्यांतली भीती आता गाडीची नव्हती.