वेगळं ताट

देमिसे जिबूती बंदराकडे जाणाऱ्या रस्त्यावर ट्रक चालवायचा आणि त्या रस्त्यावरची एकूण एक खानावळ त्याला तोंडपाठ होती. कुठलं मटण कोवळं, कुठली इंजेराची जाळीदार पोळी आंबट, कुठल्या मालकिणीचा हात सैल आणि कुठली रश्शात नुसतं पाणी ओतते, हे तो झोपेतही सांगायचा. माणसाची परीक्षा तो जेवणावरूनच करायचा. धाकट्या बहिणीच्या, अस्नाकूच्या नवऱ्याला त्यानं पहिल्याच जेवणात नापास केलं होतं. सगळ्यांच्या एकाच ताटात हा आपल्या बाजूचं संपवून दुसऱ्याच्या बाजूला हात घालतो, हा काही टिकायचा नाही, असं त्यानं घरी आल्या आल्या सांगून टाकलं. तो खरंच टिकला नाही. सौदीला गेला आणि तिकडंच त्यानं दुसरा संसार मांडला.

तर या देमिसेनं फासिकाचा, म्हणजे ईस्टरचा सण झाल्यावर अस्नाकूला फोन केला, की रविवारी दुपारी बस अड्ड्यामागच्या खानावळीत ये, सगळे मिळून जेवू आणि मिहरेतचंही बोलू.

मिहरेत ही अस्नाकूची मुलगी. अस्नाकूला औषधांना दाद न देणारा टीबी झाला आणि तिला लांबच्या इस्पितळात नेऊन ठेवलं, तेव्हा ही पोर चार वर्षांची होती. मामानं तिला उचलून आपल्या घरी नेलं. आता ती सहा वर्षांची झाली होती आणि अजून मामाकडेच होती. अस्नाकू मात्र बरी होऊन देस्सीला परतली होती. शिवणाच्या दुकानात पुन्हा मशीनवर बसायला लागली होती, एक खोली घेतली होती आणि त्या खोलीत एक लहानशी खाटही आणून टाकली होती. तिच्यावर निजणारी तेवढी यायची होती. दादा म्हणायचा, सणाआधीचा मोठा, मांस-अंडी वर्ज्य असलेला उपास संपू दे, मग बघू. तो उपास आता संपला होता.

जेवायला घरी का बोलावलं नाही, हे अस्नाकूनं स्वतःला विचारलं नाही, कारण उत्तर तिला माहीत होतं. इस्पितळातून आल्यापासून ती दर रविवारी दादाकडे जायची आणि तिच्यासाठी अंगणात खुर्ची टाकली जायची. आत पसारा आहे, असं वहिनी म्हणायची. इतके महिने झाले तरी तो पसारा काही आवरत नव्हता. मिहरेत दारातून डोकवायची, येऊन खांद्याला ओठ लावायची आणि हाक आली की आत पळायची. हाक वहिनी मारायची आणि पोर तिला आई म्हणायची. अस्नाकू घरी आल्यावर उशीत तोंड खुपसून रडायची. पण चिडायची नाही. डॉक्टरांनी शेवटच्या दिवशी स्वतः तिचा हात हातात घेऊन सांगितलं होतं, की आता कुणाच्याही ताटात जेव आणि लेकीला कुशीत घेऊन झोप. हे दादाला आपण शांतपणे सांगू, तो ऐकेल, असं तिला वाटत होतं. दादा तिचा जीव की प्राण होता. पहिला पगार झाला तेव्हा त्यानं तिला याच खानावळीत आणून असे गुर्शा, मायेचे मोठे घास, भरवले होते, की तिचे गाल फुगून डोळ्यांतून पाणी यायचं आणि तो म्हणायचा, अजून एक, नाहीतर मला राग येईल. बोटं पार जिभेपर्यंत घालायचा मेला.

ती लवकरच जाऊन बसली. सणाचं म्हणून जमिनीवर ओलं गवत पसरलं होतं आणि कोपऱ्यात कॉफी भाजली जात होती. हात धुवायचं बेसिन पलीकडच्या भिंतीला होतं, त्याच्यावर एक लांबट आरसा. अस्नाकूनं साबण लावून हात धुतले आणि तेवढ्यानं समाधान होईना म्हणून परत धुतले.

मग ते तिघं आले. पांढऱ्या नव्या झग्यातली मिहरेत, देमिसे आणि त्याची बायको एतेनेश. देमिसेनं बहिणीचा खांदा खांद्याला लावला, पण गाल जरा लांबच ठेवले. मिहरेत आत्ता कुठं अस्नाकूजवळची खुर्ची ओढत होती, तेवढ्यात एतेनेश म्हणाली की तिकडं ऊन लागेल, आणि तिला आपल्या शेजारी बसवून घेतलं. ऊन कुठंच नव्हतं.

जेवण यायला वेळ होता आणि गप्प बसणं देमिसेला कधी जमलं नाही. त्यानं रस्त्यावरच्या खानावळींचे किस्से काढले. अफारच्या वाळवंटात एका ठिकाणी त्यानं रस्सा मागवला, तर त्यात इतक्या माश्या की रस्सा शोधून काढावा लागला. त्यानं तो बाजूला सारला का? छे. माश्या वेचल्या आणि वाटी पुसून खाल्ली. दुसऱ्या एका ठिकाणी छप्परच नव्हतं, मागून उंटानं मान घातली आणि समोरचा इंजेरा उचलून नेला. मालकीण देमिसेवरच ओरडली, की माझ्या गिऱ्हाइकाला का हाकलतोस. आणि लोगियाला ट्रक मोडून पडला होता, तेव्हा एका म्हातारीनं त्याला रोज जेवू घातलं. नाव विचारलं नाही, जात विचारली नाही, धर्म विचारला नाही. असं माणूस आता मिळत नाही, असं म्हणून देमिसेनं डोळे पुसले. तो खोटं रडत नव्हता. त्याचं मन खरंच मऊ होतं आणि हीच त्याची पंचाईत होती.

उंटाच्या गोष्टीला मिहरेत इतकी हसली की अस्नाकूही हसली, अगदी पूर्वीसारखी, तोंड उघडं टाकून. आणि शेजारच्या टेबलावरच्या परतलेल्या मटणाचा तिखट धूर तिच्या घशात गेला. खोकला आला. साधा, तिखटाचा खोकला. तिनं तो दाबला. ओठ मिटले, श्वास धरला, डोळे लाल झाले, पण तो छातीतच ठेवला.  एतेनेशनं मिहरेतची खुर्ची आपल्याकडे थोडी ओढून घेतली. एतेनेश दुष्ट नव्हती, हेही सांगायला हवं. तिचा पाठचा भाऊ याच रोगानं तिच्या मांडीवर गेला होता, आणि मिहरेतला गोवर आला तेव्हा रात्रंदिवस उशाशी बसली होती ती तीच.

वाढणारी बाई आली. भलं मोठं ताट, त्यावर इंजेरा, मधोमध कोंबडीचा रस्सा, अंडी, कडेनं परतलेलं मटण. ते तिनं टेबलाच्या मध्यावर ठेवलं. मग एक छोटं ताट काढलं आणि अस्नाकूच्या समोर ठेवलं. त्यात मसूर होती, पालेभाजी होती आणि बिटाची कोशिंबीर.

अस्नाकूनं त्या ताटाकडे पाहिलं. मग ती बाईच बोलली. बडबडी होती बिचारी.

"फोनवर सांगितलं होतं ना, एकीचा उपास आहे, तिचं ताट वेगळं आणा म्हणून? पण बाई, फासिकानंतरच्या पन्नास दिवसांत उपास कसला करता? या दिवसांत बुधवार-शुक्रवारसुद्धा कुणी धरत नाही. आमच्या स्वयंपाकिणीला मसूर मुद्दाम शिजवावी लागली."

एतेनेशची मान खाली गेली. गेला दीड-दोन महिना ती हेच कारण सांगून पाहुण्यांसमोर अस्नाकूची बशी वेगळी काढत होती आणि उपासाच्या दिवसांत ते खपूनही गेलं होतं. ठरलेलं खोटं तोंडात इतकं बसलं होतं, की सण होऊन गेल्याचं तिच्या ध्यानातच राहिलं नाही. आणि तोपर्यंत अस्नाकूनंही स्वतःची समजूत घातली होती, की वहिनी आपल्याला जास्त वाढावं म्हणून वेगळी बशी देते. आता तिला कळलं. एका ताटाला चार माणसं बसतात, नवखा वाटसरूसुद्धा हात धुऊन त्यात बसतो, आणि आपण सख्खी बहीण असून कडेला.

देमिसे कानापर्यंत लाल झाला.

"उचला ते," तो त्या बाईला म्हणाला. "माझी बहीण माझ्या ताटात जेवते."

छोटं ताट गेलं. देमिसेनं मोठं ताट फिरवून कोंबडीची तंगडी बहिणीच्या बाजूला आणली. अस्नाकूचा जीव भांड्यात पडला. दादा बदलला नव्हता. वहिनीचं भय होतं ते वहिनीचं, दादाचं नव्हे. ती आपल्या कडेनं अगदी लहान लहान घास घेऊ लागली, बोटं ओठांना लागू न देता. देमिसेनं एक मोठा तुकडा तोडला, त्यात मटण गुंडाळलं आणि हात पुढं केला.

"आ कर."

तिनं आ केला. त्यानं घास वरून सोडला. बोटं ओठांपाशी आलीच नाहीत. पण घास तर दिला होता, चारचौघांत दिला होता, आणि तिला इतका आनंद झाला की चावता चावता रडू फुटलं. घेतलेला गुर्शा परत करायचा असतो. तिनं तिच्या हातानं, रस्सा ओघळू न देता, अंड्याचा तुकडा घालून एक सुबक घास बांधला आणि दादाच्या तोंडाशी नेला. देमिसेचे डोळे क्षणभर तिच्या बोटांवर थांबले. मग त्यानं तोंड उघडलं आणि घास घेतला. मिहरेतनं टाळ्या वाजवल्या.

"दादा," अस्नाकू म्हणाली, "मी तिची खाट आणून ठेवलीय. डॉक्टर म्हणालेत..."

देमिसेनं हात वर केला, तोंड भरलंय अशी खूण केली, खिशातला फोन दाखवला आणि उठून गेला. फोन वाजलेला कुणी ऐकला नव्हता.

अस्नाकूची पाठ भिंतीला होती आणि समोर, लोकांच्या डोक्यांवरून, तो लांबट आरसा होता. आरशात दादाचं तोंड दिसत होतं. गाल तसाच फुगलेला होता. तो बेसिनवर वाकला आणि त्यानं तो घास थुंकला. सगळा. मग चूळ भरली, परत भरली, बोट घालून हिरड्या घासल्या, ओठांना साबण लावला. त्याचं तोंड रडवेलं झालं होतं. घाण वाटलेल्या माणसाचं नव्हतं ते, घाबरलेल्या माणसाचं होतं. ते अस्नाकूला जास्त लागलं. किळस असती तर तिला भांडता आलं असतं.

"मला पण," मिहरेत म्हणाली.

ती खुर्चीवरून उतरून टेबलाला वळसा घालून आली होती आणि अस्नाकूच्या गुडघ्याला टेकून उभी होती. "मला पण गुर्शा दे ना."

आणि तिनं आ केला. पुढचे दोन दात पडलेले होते आणि त्या जागी नव्या दातांच्या पांढऱ्या कडा दिसत होत्या. हे दात पडल्याचं अस्नाकूला कुणी सांगितलं नव्हतं.

तिनं घास बांधला. एतेनेश बघत होती. ती खुर्ची ओढेल, हाक मारेल, पोट भरलंय म्हणेल, याची अस्नाकूनं वाट पाहिली. पण मघाच्या प्रकारानं एतेनेश इतकी ओशाळली होती, की तिनं डोळे मिटून घेतले आणि ओठ हलवत देवाचं काहीतरी पुटपुटू लागली. आज अस्नाकूला अडवणारं कुणीच नव्हतं.

आपण बऱ्या झालो आहोत, हे अस्नाकूला पक्कं ठाऊक होतं. डॉक्टर खोटं कशाला बोलतील? तिनं हात उचलला. पोरीचा ऊन श्वास बोटांना लागला. आणि हात तिथंच थांबला. दादासारखा माणूस भितो, तर त्यात काही असेल का? डॉक्टरांच्या यंत्रांना दिसलं नाही असं काही आत कुठं उरलं असेल का? मघाचा खोकला खरंच तिखटाचाच होता का? तिनं जोर लावला. हात पुढं जाईना. स्वतःच्याच हाताची तिला इतकी भीती वाटली, जितकी आजारात मरणाचीही वाटली नव्हती.

तिनं घास आपल्या तोंडात टाकला.

मिहरेत थोडा वेळ तशीच आ करून उभी राहिली. मग तिनं तोंड मिटलं आणि ती परत टेबलाला वळसा घालून गेली. एतेनेशनं तिला मांडीवर घेतलं, भरवलं. पोर एतेनेशची बोटं चाटून हसली.

देमिसे आला. हात कोपरापर्यंत ओले होते. बसताना त्यानं ताटाची अस्नाकूकडची कड पाहिली आणि पुन्हा जेवायला हात घातला नाही.

"हां," तो म्हणाला. "मिहरेतचं काय म्हणत होतीस?"

अस्नाकूनं तोंडातला घास गिळला. तो खाली जायला वेळ लागला.

"तुमच्याकडंच राहू दे तिला, दादा."

तिला वाटलं होतं, तो निदान विचारेल तरी, का म्हणून. एकदा विचारलं असतं तरी तिनं सगळं सांगितलं असतं. देमिसेनं मान हलवली, खिशातून रुमाल काढून कपाळ पुसलं आणि कॉफी मागवली.