प्रभूला ठावं हाय

पास्टर नागेंद्र यांनी एक हात शामूच्या पाठीवर ठेवला, दुसऱ्यानं त्याचं नाक धरलं आणि त्याला मागं झुकवायला गेले. पण शामू झुकेचना. खानापूरजवळ मलप्रभेच्या कमरेइतक्या पाण्यात तो ताठ उभा होता. काठावर मंडळीतली दहाबारा माणसं बाप्तिस्म्याचं गाणं म्हणत होती, ती एकेक करून थांबली.

पास्टरांनी हलक्या आवाजात समजावलं, की प्रभूनं वधस्तंभावर सगळं पाप उचललंय, आता ते तू कशाला वाहतोस. हे शामूला तोंडपाठ होतं. दोन वर्षं त्यानं उपास केले, गुडघे टेकले, रडून रडून देवाला भंडावून सोडलं. तरी डोळे मिटले की महादेव दिसायचाच.

"प्रभूला ठावं हाय," शामू म्हणाला. "मनुवैनीला न्हाय."

आणि तो पाण्याबाहेर पडून थेट गावाकडं निघाला.

महादेव म्हणजे त्याचा बांधाला बांध लागून असलेला शेजारी. रानडुकरं रताळ्याचं रान उकरून ठेवायची, म्हणून शामू रात्री विजेच्या खांबावर आकडा टाकून कुंपणाच्या तारेत करंट सोडायचा. तिकडं बरेच जण सोडायचे आणि उजाडायच्या आत काढायचे. पाच वर्षांमागं एका पहाटे शामूला जागच आली नाही. धावत गेला, तर महादेव तारेवर पडलेला. शामूनं आकडा काढला, तार गुंडाळून घरी नेली आणि तोंड शिवून बसला. गावानं अ‍ॅटॅक आला म्हणून महादेवाला पोचवलं. खांदा द्यायला शामू सगळ्यांत पुढं होता.

महादेवाची बायको मनुबाई सोप्यात तांदूळ निवडत होती. ओल्या कपड्यांनिशी शामू उंबऱ्याशीच बसला आणि एका दमात सगळं सांगून मोकळा झाला, नदीवरून उठून आलो हेसुद्धा. आता ती आरडून गाव गोळा करेल, पोलीस बोलवेल, करू दे काय करायचं ते, असं त्याला झालं होतं.

मनुबाईनं सूप बाजूला ठेवलं.

"ठावं हाय मला," ती म्हणाली. "त्येंच्या पायाचा चिखूल मीच पुसला हुता. नडगीवर तारंची काळी रेघ हुती."

ही बाई इतकी वर्षं बांधावरून जाता-येता त्याच्याकडं बघायची, ते आठवून शामूला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

"मग बोलला का न्हाईसा, वैनी?"

"तू येशील म्हणून." तिनं सरळ त्याच्याकडं बघितलं. "तू तारंपाशी आलास तवा जित्तं हुतं का रं ते?"

एवढं विचारताना तिचा आवाज फाटला. रोज डोळ्याला डोळा लागला की तिला तेच दिसायचं: नवरा पाणी मागत तडफडतोय आणि शामू शेजारी उभा राहून तार गुंडाळतोय. हे ती कुणाशी बोलली नव्हती.

"न्हाय वैनी. अंग गार पडलंतं."

"माझ्या समाधानासाठनं बोलू नगंस."

"बाप्तिस्मा घ्याला निघालोय. आता खोटं कसं बोलू?"

मनुबाई तोंडाला पदर लावून रडली, बराच वेळ रडली. शामूनं हात जोडले.

"जा तू, माणसं खोळंबलीत नदीवर," ती शेवटी म्हणाली. "माफ केलं असं म्हणवत न्हाय मला. पण आज झोपीन मी."