छातीएवढ्या पाण्याची खूण

मी काठी बोलतेय. आज माझ्या डोक्याला कपडे वाळत घालायची दोरी बांधलेली आहे, पण मी त्या कामाची नव्हे. मी नाव रेटायची काठी. माझ्या अंगावर निळ्या रंगाचं एक कडं आहे. ते पाहा, पण त्याच्यावर विश्वास ठेवू नका.

स्फाक्स शहराच्या रस्त्याकडेला मी निलगिरीचं झाड होते. खमीस नावाच्या कोळ्याने मला पसंत केलं, तोडलं आणि खांद्यावर टाकून फेरीबोटीने केरकेन्ना बेटावर आणलं. बोटीत मी ज्याला त्याला टोचत होते आणि लोक खमीसला शिव्या घालत होते. घरी आल्यावर त्याने मला तासलं, ऑलिव्हचं तेल चोळचोळून पाजलं आणि आपल्या नावेत ठेवलं. त्याला आता तीस वर्षं झाली.

इथला समुद्र उथळ. कोसभर चालत जा, गुडघे भिजले तर नशीब. पण मधूनच तळाशी नाल्यासारखी खोल वाट असते, आणि भरती-ओहोटीचं पाणी तिच्यातून पळतं. म्हणून इथे शिडापेक्षा काठीचं काम मोठं. नाव पुढे गेली की सगळे शिडाचं कौतुक करतात. चिखलात पाय घालते ती मी. खमीसला मात्र माझी किंमत होती. तो चारचौघांत म्हणायचा, "माणसं खोटं बोलतात, समुद्र तर अट्टल खोटारडा. माझी काठी खोटं बोलत नाही." मला फार बरं वाटायचं. खोटं कशाला सांगू?

खमीसचा मुलगा लमजद स्फाक्सला नोकरीला. त्याची बायको नझीहा कैरवानची. तिकडे समुद्र औषधालाही नाही, त्यामुळे तिला पोहता येत नव्हतं. त्यांची एकुलती मुलगी दोर्साफ. दर उन्हाळ्यात ती बेटावर आली की खमीस तिला माझ्या शेजारी ताठ उभी करायचा, गेल्या वर्षीचं कडं खरवडून काढायचा आणि तिच्या छातीशी नवं रंगवायचा.

"आजोबा, गुदगुल्या होतात!"

"हलू नकोस गं! हे तुझं पाणी. काठी तळाला टेकली आणि पाणी कड्याला किंवा खाली असलं, तरच उतरायचं."

त्या वर्षी ती आठ वर्षांची होती. रंग वाळला. चार दिवसांनी मासे अडवायच्या कुंपणाजवळ माझं बूड दगडात अडकलं आणि चिरलं. खमीसने चीर तशीच ठेवून खालून ऑलिव्हच्या लाकडाचा हातभर तुकडा जोडला आणि तारेने घट्ट आवळला. "आता कशी दणकट झालीस!" म्हणत मला थोपटलं. मी हातभर उंच झाले. कडंही हातभर वर गेलं. हे त्याच्या ध्यानात आलं नाही. तीस वर्षं ज्याची नजर पाण्याच्या रेषेवर असते, तो काठीच्या पायाकडे कशाला बघेल?

मग अवुस्सू लागला, ऐन उन्हाळ्याचे भाजून काढणारे दिवस. पहिल्या दिवशी समुद्रात सात बुड्या घेतल्या की वर्षभर आजार अंगाला शिवत नाही, असं इथे सगळे मानतात. सकाळीच सारं घर नावेत बसलं. खमीस, लमजद, नझीहा, दोर्साफ आणि खमीसची बहीण मबरूका. मबरूकाच्या मांडीवर भाकऱ्यांचं गाठोडं होतं आणि जिभेवर सून.

"घट्ट धर गं नावेला. कैरवानची माणसं बादलीतसुद्धा बुडतात."

"बुडाले तर काढा मला, आत्याबाई."

"मी? मी आधी भाकऱ्या काढीन!"

सगळे हसले, नझीहाही हसली. मला ती आवडायची. नावेत चढताना ती मला धरायची आणि धरल्यावर हळूच "बिस्मिल्ला" म्हणायची.

एका जागी खमीसने मला तळाला टेकवलं. पाणी बरोबर निळ्या कड्याशी आलं.

"बाबा, नीट बघितलंत ना?" नझीहाने विचारलं.

"तीस वर्षं बघतोय, पोरी. तिची छाती आणि हे कडं, एका मापाचं. ही काठी खोटं बोलत नाही."

मी वाळूत उभी होते. माझा नवा पाय मला जाणवत होता. ओरडायला तोंड असतं तर बेटभर ऐकू गेलं असतं.

लमजद केव्हाच लांब पोहत गेला होता. मबरूका दुसऱ्या बाजूने पाय पाण्यात सोडून बसली होती. खमीस मला नावेत आडवी टाकून पुढच्या टोकाला गेला आणि पाठमोरा बसून मासे भाजायला शेगडी पेटवू लागला. दोर्साफने उडी मारली. नझीहा काठाला धरून वाकली.

"मोज हं आई! सात!"

तिचं डोकं खाली गेलं, वर आलं. नझीहा म्हणाली, "एक." पुन्हा खाली, पुन्हा वर. "दोन." पोरीचे पाय जेमतेम टेकत होते. ती तळाला लाथ मारून वर येत होती आणि तोंड उघडेपर्यंत पुन्हा खाली जात होती. पाणी तिला जरा जरा लांब नेत होतं. बुडणारं माणूस हाका मारत नाही हो, त्याला तेवढा श्वासच नसतो. नझीहा मोजत होती. "चार. पाच. शाब्बास!" सहाला जरा वेळ लागला. सातला तिने टाळी वाजवली.

आठव्यांदा डोकं वर आलं नाही.

"दोर्साफ? पुरे आता. ये." मग ती किंचाळली आणि पोहता येत नसताना तशीच पाण्यात पडली. लमजदने आधी बायकोला ओढून काढलं, कारण ती दिसत होती. पोरगी बऱ्याच वेळाने सापडली.

परतताना खमीसने मला हातात घेतलं. रेटून वर ओढलं तेव्हा ओली तार त्याच्या डोळ्यांसमोर आली. तो तारेकडे बघत राहिला. मग त्याने कड्याकडे बघितलं. आणि माझा पाय पटकन पुन्हा पाण्यात बुडवला. 

बोलली मबरूका. "आई मोजत बसली! पोर मरत होती आणि ही टाळ्या वाजवत होती!" तीन दिवस घरात माणसं येत होती आणि प्रत्येकाला हेच ऐकवलं जात होतं. लमजद मान खाली घालून बसायचा, बायकोची बाजू घ्यायचा नाही. मयताचा चाळिसावा दिवस झाला आणि नझीहा माहेरी निघून गेली. चोर सोडून संन्याशाला फाशी, आणि चोर कोपऱ्यात बसून जपमाळ ओढत होता.

खमीसने मला जाळायला काढलं होतं. चुलीपर्यंत नेलं, पण निळं कडं दिसल्यावर त्याचा धीर झाला नाही. मग भर दुपारी, घर झोपलेलं असताना, त्याने अंगणात खड्डा खणला आणि मला पुरलं. बरोबर हातभर. तार मातीआड गेली, ऑलिव्हचा पाय मातीआड गेला. वर दोरी बांधली.

गेल्या आठवड्यात नझीहा आली, पोरीचे कपडे न्यायला. ती फार वाळली आहे. जाताना माझ्यासमोर थांबली. पिशवीतून एक पिवळा झगा काढला, त्याची खालची कड पोरीच्या गुडघ्यांच्या उंचीला धरली आणि झगा माझ्या अंगाला लावून बघितला. कडं बरोबर छातीवर आलं.

"बरोबरच होतं," ती म्हणाली. "बाबांचं माप बरोबरच होतं. पाणी छातीएवढंच होतं. मीच..." 

खमीस दारात उभा होता. त्याने तोंड उघडलं. मी वाट पाहिली. त्याने तोंड मिटलं आणि म्हणाला, "उन्हात उभी राहू नकोस, पोरी. फेरीबोट चुकेल."

ती गेली. झगा घडी करून पिशवीत घालून गेली.

तीस वर्षं मी खोटं बोलले नव्हते. आता दिवसरात्र या अंगणात उभी राहून तेच करते आहे. तुमच्यापैकी कुणी कधी इकडे आलात तर माझ्यावर एवढी मेहेरबानी करा. मला उपटा आणि कैरवानला तिच्या दारात नेऊन ठेवा. फार खणावं लागणार नाही, हातभरच.