उलटा जोडलेला तुकडा

थोरलीला सगळा स्टुडिओ थोरलीच म्हणायचा, कारण जोडणीच्या खोलीत तिच्याहून जुनं कुणी नव्हतं. घरीही ती थोरलीच. एका नावावर दोन्हीकडचं भागत होतं.

जोडणीची खोली स्टुडिओच्या मागच्या अंगाला होती. भिंतभर खिडक्या, खिडक्यांना लागून लांबच लांब टेबल, त्यावर कात्र्या, पाती, उग्र वासाच्या डिंकाची बाटली, आणि टेबलाखाली कापडाचं अस्तर लावलेल्या टोपल्या. कॅमेऱ्यातून निघालेली फिल्म धुऊन, छापून इथे यायची आणि इथल्या बायका ती कापून, जोडून तिचा सिनेमा करायच्या. सिनेमा त्या काळी मुका होता, बोलायचं काम पाट्यांवरची अक्षरं करत. या बायका मात्र मुक्या नव्हत्या. दिवसभर तोंडाचा पट्टा चालू आणि हात त्याहून वेगात.

नवी मुलगी कामाला आली की थोरली तिला पहिला धडा द्यायची तो ओठांचा. फिल्मच्या एका बाजूला मसाला असतो, चित्र त्या मसाल्यात असतं. दुसरी बाजू नुसती गुळगुळीत. दिसायला दोन्ही सारख्याच, पण ओठाला लावली की मसाल्याची बाजू किंचित चिकटते. हे न बघता तुकडा जोडला तर तो उलटा बसतो, डाव्याचं उजवं होतं, राजा एकाएकी डावखुरा होतो आणि महाराज सगळ्यांच्या डोक्यावर मिरे वाटतात. महाराज म्हणजे दिग्दर्शक. त्यांना भोंग्यातून ओरडायची इतकी सवय जडली होती की घरी बायकोकडे मीठसुद्धा भोंग्यातून मागतात, असं बायका म्हणत.

महाराजांनी त्या वर्षी आपलं होतं नव्हतं ते सगळं एका सिनेमात घातलं होतं. सिनेमाचा विषय म्हणजे माणूस माणसाला का दूर लोटतो. एका पुराणकाळच्या राजाने शहराच्या मधोमध भिंत घातलेली. आतले ते चांगले, बाहेरचे ते हलके. शत्रू चालून येतो, बाहेरचे लोक वेशीवर डोकी आपटतात आणि वेस काही उघडत नाही. मग दुसरा काळ, तिसरा काळ, राजे बदलतात, भिंत तीच. त्यासाठी लाकूड आणि प्लास्टरची एवढी उंच भिंत उभारली होती की ती जोडणीच्या खोलीतूनही दिसायची आणि दुपारनंतर बायकांचा उजेड अडवायची.

बाहेरच्या लोकांच्या गर्दीसाठी महाराजांनी कालव्याच्या पलीकडची माणसं आणवली. गावाच्या मधून कालवा जात होता. अलीकडचे लोक पलीकडच्यांच्या हातचं काही घेत नसत, त्यांच्यात मुली देत नसत. का, ते कुणालाच धड सांगता यायचं नाही. "पलीकडचे ना ते," एवढं म्हटलं की कारण सांगून झालं. स्टुडिओतही त्यांच्यासाठी पाण्याचं पिंप वेगळं ठेवलं होतं, आणि तेही नेमकं त्या प्लास्टरच्या भिंतीच्या बाहेरच्या अंगाला. लोका सांगे ब्रह्मज्ञान, दुसरं काय. महाराजांनी त्या पिंपाकडे एकदाही बघितलं नाही. त्यांना भिंतीवर ऊन नीट पडतंय की नाही याची काळजी.

या सिनेमाच्या पाट्या रंगवत होते थोरलीचे बाबा. त्यांच्यासारखं अक्षर गावात दुसऱ्याचं नव्हतं. ते घरीच काम करत, खिडकीपाशी, उतरत्या फळीवर काळा कागद लावून पांढऱ्या रंगाने. "दार उघडा. बाहेर आहेत तीही माणसंच आहेत," ही पाटी त्यांनी पुन्हा पुन्हा लिहिली होती, कारण महाराजांना तिच्यात कळवळा कमी वाटत होता. शेवटी जमली. बाबा मागे सरून, मान वाकडी करून तिच्याकडे बघत राहिले, तेव्हा थोरलीला हसावं की रडावं ते कळेना.

कारण याच बाबांनी याच घराचं दार धाकटीला लावलं होतं.

धाकटी म्हणजे थोरलीची बहीण. तिने पलीकडच्या एका गवंड्याशी लग्न केलं. बाबा म्हणाले, मला एकच मुलगी. मग थोरलीकडे वळून म्हणाले, तूही पूल ओलांडलास तर परत येऊ नकोस. आई जाताना बाबांना थोरलीवर सोपवून गेली होती. शिवाय थोरली नाकासमोर चालणारी बाई. ती रोज बाजाराच्या निमित्ताने पुलाच्या तोंडापर्यंत जायची, पलीकडून येणाऱ्या बायकांच्या चेहऱ्यांकडे बघायची आणि भाजी घेऊन घरी यायची. घरात धाकटीचं नाव निघत नसे. तिच्या आठवणीने थोरलीचा जीव तुटायचा, पण तो आवाज न करता तुटत असल्याने बाबांचं जेवण वेळेवर होत होतं.

धाकटीची एकच खूण घरात उरली होती, आणि तीसुद्धा बाबांच्या फळीवर. लहानपणी धाकटी धावत येऊन त्या फळीच्या कोपऱ्यावर आपटली होती, भुवई फुटली होती. बाबांनी हातातला कुंचला टाकून तिची जखम दाबून धरली होती, आणि दुसऱ्या दिवशी कानस घेऊन फळीचे चारही कोपरे घासून गोल केले होते. धाकटीच्या भुवईत कायमची एक पांढरी रेघ राहिली. कोपरे अजून गोलच होते. विचार करताना बाबांचा अंगठा त्यातल्या एका कोपऱ्यावर फिरत असे, त्यांना ते माहीत असो वा नसो.

वेशीच्या गर्दीचं शूटिंग झालं आणि त्याची छापील फिल्म थोरलीच्या टेबलावर आली. सोबत महाराजांचा निरोप होता की गर्दीतली एक मूर्ख बाई दर वेळी सरळ कॅमेऱ्यात बघते आहे, सांगून सांगून घसा बसला, तेव्हा तिचे सगळे तुकडे कापून टाका. थोरलीने फिल्म ओठाला लावून बाजू बघितली, खिडकीच्या उजेडात धरली, वर भिंग लावलं. वेशीसमोर माणसांची दाटी, वर केलेले हात, आणि मधोमध एक बाई कडेवर मूल घेऊन उभी. बाकीची गर्दी वेशीकडे बघते आहे, ही एकटी समोर बघते आहे. डाव्या भुवईत पांढरी रेघ.

थोरलीच्या हातातलं भिंग टेबलावर पडलं. शेजारणीने काय झालं म्हणून विचारलं, तर ती म्हणाली, डोळ्यात कण गेला.

मग तिने सगळे तुकडे बघितले. धाकटी दर वेळी बघत होती. ती मूर्ख नव्हती, तिला कॅमेरा कशाला म्हणतात हेही चांगलं ठाऊक होतं. लग्नाआधी ती दुपारचा डबा घेऊन याच खोलीत यायची, टेबलाखालच्या टोपल्यांपाशी बसायची, आणि थोरली तिला ऐटीत सांगायची की कॅमेऱ्याला जे दिसतं ते जगात सगळ्यात आधी मला दिसतं. धाकटीने ते लक्षात ठेवलं होतं. पूल ओलांडून ताई येत नाही, मग तिने ताईपर्यंत पोचायची ही वाट शोधली होती, आणि त्यासाठी भर गर्दीत भोंग्यातून शिव्या खाल्ल्या होत्या. शेवटच्या तुकड्यात तर तिने कडेवरचं मूल उचलून त्याचं तोंड कॅमेऱ्याकडे केलं होतं आणि तिचे ओठ हलत होते. मुक्या माणसांचे ओठ वाचण्यात थोरलीची हयात गेली होती. धाकटी म्हणत होती, "ताई, बघ."

थोरलीने हुकमाप्रमाणे सगळं कापलं. मात्र शेवटचा तुकडा टोपलीत न टाकता ब्लाउजमध्ये लपवला. त्यानंतर दुपारी सगळ्या जेवायला बसल्या की ती खिडकीशी जाऊन तो ओठाला लावायची. बाजू बघायची गरज नव्हती. तो किंचित चिकटायचा आणि मग तिला तो सोडवावासा वाटायचा नाही.

सिनेमा पुरा झाला, महाराज पुढच्या सिनेमाच्या मागे लागले, आणि गावोगावच्या प्रती जोडायचं काम थोरलीकडे आलं. घराजवळच्या थिएटरला जाणारी प्रत हातात आली तेव्हा तिच्या मनाने घेतलं. आपली अक्षरं पडद्यावर कशी दिसतात ते बघायला बाबा प्रत्येक सिनेमाला जात, पुढच्या बाकावर बसत. बाबा पूल ओलांडणार नाहीत, मग धाकटीलाच त्यांच्यासमोर उभी करायची. वेस बंद होते आणि बाबांची ती पाटी येते, त्यांच्यामधोमध तो लपवलेला तुकडा बसवायचा. पकडली गेली तर नोकरी जाणार होती. तिची पाचावर धारण बसली होती, दाराबाहेर कुणाचे तरी पाय वाजत होते, आणि तो तुकडा ओठाला लावला तर आज आपल्याला सोडवणार नाही हेही तिला कळत होतं. म्हणून तिने तो लावलाच नाही. सरळ डिंक लावला, दाबला आणि डबा बंद केला.

सिनेमा लागला. बाबा दुपारच्या खेळाला गेले, परत आले, हातपाय धुतले आणि जेवले. बाबा एवढंच म्हणाले की एक पाटी नीट दिसली नाही, उद्या परत बघावं लागेल. दुसऱ्या दिवशी वेगळी पाटी दिसली नाही. मग डोळ्यांत काही गेलं होतं, मग पुढे कुणी उंच माणूस बसला होता. पुढच्या बाकाच्याही पुढे बसलेला हा उंच माणूस कोण, ते थोरलीने विचारलं नाही. थिएटरच्या दारवानाने मात्र तिला रस्त्यात गाठून सांगितलं की तुझे बाबा रोज येतात, वेशीपर्यंत बघतात आणि उठून जातात, पुढची लढाई काही बघत नाहीत, आणि लढाई तर फार छान आहे.

घरी फळीवर कोरा काळा कागद तसाच लावलेला होता आणि बाबांचा अंगठा त्या गोल कोपऱ्यावरून फिरत होता.

थिएटरमधला शेवटचा खेळ झाला त्या संध्याकाळी, ताटावर बसल्या बसल्या ते म्हणाले, "तुकडा उलटा जोडलायस तू."

थोरलीने विचारलं, "कुठला तुकडा?"

"वेशीतला. तिची खूण डाव्या भुवईवर आहे. तू उजवीवर आणलीस." त्यांनी पाण्याचं भांडं उचललं आणि न पिता खाली ठेवलं. "मी दाबून धरली होती ती जखम. मला विचारतेस कुठला तुकडा?"

सगळ्या मुलींना ओठांचा धडा देणारी थोरली, आणि जन्मात एकच तुकडा उलटा जोडला तो हा. तिला लाज वाटली नाही. तिला एवढंच ऐकू आलं की आपल्याला एकच मुलगी म्हणणारा हा माणूस धाकटीची डावी-उजवी भुवई अजून विसरलेला नाही. ती पदराने तोंड झाकून रडली आणि बाबांनी तिला रडू दिलं.

मग ते म्हणाले, "सुलटा करून दे. मला ती नीट बघायची आहे."

थोरली म्हणाली की प्रत आता इथे नाही. चांगल्या थिएटरांतून खेळून झिजली की ती पलीकडच्या थिएटरला जाते, उद्या दुपारपासून तिथे लागेल.

बाबांनी उरलेला भात कालवायला घेतला. "मग उद्या लवकर निघू," ते म्हणाले.

दुसऱ्या दिवशी दोघं पूल ओलांडून गेली. पूल तो केवढासा, पण बाबा दोनदा थांबले, एकदा दम लागला म्हणून आणि एकदा काहीच कारण नसताना. पलीकडच्या घरांची दारं, वाळत घातलेले कपडे, ओट्यावर भांडणाऱ्या बायका, सगळं अलीकडच्यासारखंच होतं. थोरलीला त्याचा फार राग आला. इतकी वर्षं ती पुलाच्या तोंडाशी उभी राहून भाजी घेत होती, ती याला घाबरून.

थिएटरच्या माडीवर ऑपरेटरची कोंदट खोली होती. ऑपरेटर तरुण होता, स्टुडिओची बाई आली म्हटल्यावर त्याने मुकाट्याने डबा उघडून दिला. थोरलीने वेशीतला तो तुकडा सोडवला. बाबांनी हात पुढे केला.

"सुलटी बाजू कशी ओळखायची?"

"ओठाला लावा," ती म्हणाली. "चिकटते ती खरी."

बाबांनी तुकडा ओठांना लावला. ऑपरेटरला वाटलं म्हाताऱ्याला काम येत नाही, म्हणून तो सांगायला लागला की एवढा वेळ धरायची गरज नसते, आजोबा. थोरलीने त्याला खुणेने गप्प केलं. बाबांचे डोळे मिटलेले होते आणि तुकडा ओठांवरच होता. बऱ्याच वेळाने त्यांनी तो तिच्या हातात दिला, तेव्हा तिला तो आधी पुसावा लागला.

तिने तो सुलटा जोडला, दाबून धरला. खाली दाराशी लोकांचा कलकलाट सुरू झाला होता. बाबांनी ऑपरेटरला विचारलं, अगदी सहज विचारल्यासारखं, की इथे एक गवंडी राहतो, त्याची बायको सिनेमाला येते का.

"ज्यांना लहान मूल आहे त्या? भुवईवर वण आहे?" ऑपरेटर म्हणाला. "त्यांनी काम केलंय यात. सिनेमा कधी लागणार म्हणून रोज विचारून जातात. आज तर सगळ्यांच्या आधी येऊन उभ्या आहेत. आमचा दारवान अजून जेवतोय, म्हणून खोळंबलेत सगळे."

बाबा जिना उतरायला लागले. थोरली मागोमाग उतरली. खाली दाराला आतून अडसर होता आणि त्याच्यापाशी दारवान डब्यातला शेवटचा घास तोंडात घालत बसला होता. बाहेरून कुणाचं तरी मूल दारावर हातांनी थापा मारत होतं.

"दार उघडा," बाबा म्हणाले.

दारवान हात धुवायला उठला. तेवढाही धीर त्यांना धरवला नाही. त्यांनी स्वतःच अडसराला हात घातला.